बिंदू एकसष्ट ते अठ्ठ्याहत्तर

मरकागुड्याची शीव पहिल्यांदा कागदावर उतरली, तेव्हा तिच्या उत्तरेच्या अंगाला कुणी चावा घेतल्यासारखी खोक पडलेली होती.

प्रियाने आधी यंत्राला दोष दिला. हातात मावणारं ते जीपीएस यंत्र दाट झाडीखाली कधीकधी दहा-पंधरा मीटरांनी चुकतं, हे तिला प्रशिक्षणात सांगितलं होतं. गडचिरोलीहून बी.एस्सी. करून आलेली गावातली ती एकटीच, म्हणून यंत्र तिच्या हातात आलं होतं आणि ते धरून ती आज्याच्या मागोमाग सगळ्या शिवेवरून चालली होती. पण ही चूक दहा-पंधरा मीटरांची नव्हती. एकूण बिंदू एकशे त्रेचाळीस. साठाव्यापर्यंत रेघ डोंगराच्या धारेवरून सरळ चालली होती. एकसष्टाव्याला ती एकाएकी आत वळली, खोऱ्याच्या कडेकडेने फिरली आणि अठ्ठ्याहत्तराव्याला पुन्हा धारेवर आली. मधलं खोरं गावाबाहेर राहिलं. तिने क्षेत्रफळ काढलं. दोनशे बारा हेक्टर.

त्या खोऱ्यात झरा होता. उन्हाळ्यात गावच्या ओढ्याला जे काही पाणी असतं ते तिथून येतं. आणि गेल्या दिवाळीपासून तिथे लाल झेंड्या दिसत होत्या. लोखंडाच्या दगडाचे नमुने काढायला आलेली माणसं जमिनीत खोल भोकं पाडून गेली होती, आणि दर भोकाशेजारी एक झेंडी रोवलेली होती. गावाने सामूहिक वनहक्काचा दावा केला होता. दाव्याच्या नकाशात खोरं आलं, तर तिथे पुढे काही करण्याआधी ग्रामसभेला विचारावं लागणार होतं. नाही आलं, तर गावाला विचारायचं कुणाला काही कारण उरत नव्हतं.

दुपारी गुणवंतराव आले. चामोर्शीचे निवृत्त भूमापक. चौतीस वर्षं लोकांची शेतं मोजून झाल्यावर आता ते स्वतःचं पेट्रोल जाळून जंगलातल्या गावांना नकाशे करायला मदत करत फिरत. मोटरसायकल लावून त्यांनी आधी तोंडाला बांधलेला रुमाल झटकला. रुमालाची घडी होती तेवढी जागा सोडून सगळा चेहरा तांबडा झाला होता.

"आलापल्लीपासून ट्रकाच्या मांगं मांगं येऊन राह्यलो, पोरी. एवढं लोखंड पोटात गेलं, का आता चुंबक लावला त मी चिपकन."

"काकाजी, आधी हे पाहा."

त्यांनी पाहिलं. मग पाठीवरच्या पत्र्याच्या नळीतून एक पारदर्शक कागद काढला. नागपूरच्या दप्तरातल्या जुन्या नकाशावरून त्यांनी स्वतः तो उतरवून आणला होता.

"अठराशे अडुसष्टचा हिवाळा," ते म्हणाले. इतिहास सांगताना त्यांचा आवाज जेवायला बसल्यासारखा निवांत होई. "तवा गडचिरोली नाई, महाराष्ट्र नाई, काईच नाई. एक चांदा जिल्हा. नागपूरच्या भोसल्यायचं राज्य जाऊन चवदा वर्षं झालेली, मध्यप्रांत होऊन सात. साहेबाले एवढंच माहीत, का इथी जंगल हाये आन् ते आपल्याले मोजाचं हाये. मंग पुढं मध्यप्रदेश झाला, मंग मुंबई राज्य, मंग साठ साली महाराष्ट्र. ब्याऐंशीत आपला जिल्हा. पन मुनारे पाह्यशीन त तेच. साहेबानं रचले तेच."

मुनारे म्हणजे जंगलाच्या हद्दीवर रचलेले दगडांचे छोटे बुरूज. प्रियाला ते लहानपणापासून माहीत होते. शीव म्हणजे मुनारा, मुनारा म्हणजे शीव.

गुणवंतरावांनी पारदर्शक कागद तिच्या नकाशावर ठेवला, सरकवला, फिरवला आणि दोन्ही तळव्यांनी दाबून धरला. जुनी रेघ नव्या रेघेवर बसली. खोक खोकेवर बसली.

"पाह्य!" त्यांनी मांडीवर थाप मारली. "दीडशे वर्षांत बोटभर फरक नाई! तुह्या आबानं बिनयंत्रानं साहेबाची शीव पायानं काहाडली. असा पुरावा मी जन्मात—"

चष्मा काढून त्यांनी तो सदऱ्याच्या टोकाला पुसला आणि पुन्हा घातला.

"खोरं बाहेर राह्यते," प्रिया म्हणाली.

"हो," ते म्हणाले. "आपलाच पुरावा आपल्याच उरावर बसला, पोरी. मंगळवारी पाहनी हाये. तलाठी येनार, फॉरेस्टचा धनराज येनार. अन् धनराज त मांगच्या हप्त्यात तुह्या आबाच्या मांगं मांगं चालला होता, लिवत लिवत."

*

प्रियाचा आजा पोचू हा गावचा भूमया. ज्या माणसाने ही जमीन पहिल्यांदा जंगलाकडून मागून घेतली, त्याच्या वंशातला पुजारी. लोखंडी घुंगरं बांधलेली एक काठी त्याच्याकडे होती. वर्षातून एकदा ती खांद्यावर घेऊन तो गावाच्या शिवेवरून चालत जाई. काठी जिथून जाई ती शीव. आंब्याचा सण, म्हणजे मरका पंडुम, त्यानेच करायचा. त्याने देवाला आंबा दाखवल्याशिवाय गावात कुणी आंबा तोंडाला लावत नसे, मग झाडाखाली कितीही सडा पडो.

घरामागे मोहाच्या सावलीत पाय पसरून तो वेलीच्या सालीची दोरी वळत बसला होता.

"तादो, तू रस्ता चुकला."

"मी?" आजा हसला. "डोळे अधू झाले, थे खरं. पायानं बी आंधळा झालो का मी?"

"एकसष्टपासून अठ्ठ्याहत्तरपर्यंत."

"मले तुहे आकडे सांगू नोको. जागा सांग."

"तिकडं," प्रिया म्हणाली.

त्या खोऱ्याला गावात नाव नव्हतं. फक्त 'तिकडं'. वनखात्याच्या नकाशावर त्याचा कक्ष क्रमांक होता, चारशे सतरा. लहानपणी बकरी तिकडे उतरली तर बकरी सोडून घरी यायचं, एवढंच तिला शिकवलेलं होतं. कारण विचारलं तर आई डोळे वटारायची.

आज्याचे हात थांबले. "तिकडून कोनी जात नाई. माहा बाप गेला नाई. त्याचा बाप गेला नाई."

तिने दोन्ही कागद त्याच्यासमोर जमिनीवर पसरले. त्याला अक्षर येत नव्हतं. रेघ मात्र त्याने पायवाट ओळखावी तशी ओळखली. बोट ठेवत गेला. हा नाला. हे दोन मुनारे. हे येनाचं झाड. "बरोबर काहाडलं तुनं."

"हे वरचं मी नाई काढलं. हे गोऱ्या साहेबानं काढलं. दीडशे वर्षांआधी."

तो त्या खोकेकडे पाहत राहिला. अर्धवट वळलेली दोरी त्याच्या मांडीवर उलगडत गेली, ती त्याने उलगडू दिली.

"डोमानं दाखोलं त्याले," तो म्हणाला. "हे पोरीले सांगत नसते. तुह्या बापाले सांगून राह्यलो होतो, त थो तापानं गेला. आता कोनाले सांगू? मोहाले?"

आणि त्याने सांगितलं.

तेव्हा राज्य कुणाचं आहे हे इथे कुणाला माहीत नव्हतं. दूर कुठेतरी एक जमीनदार होता. तो वर्षातून एकदा मध आणि डिंक न्यायला माणूस पाठवी, बस. गाव तेव्हा 'तिकडं'च होतं, झऱ्याच्या काठाला. चौदा घरं. एका हिवाळ्यात लोखंडी साखळी घेऊन माणसं आली. बैलगाड्या, तंबू, झेंड्या. जमीन बांधून न्यायला आली असं लोकांना वाटलं. साखळीवाल्यांनी गावच्या भूमयाला पुढे घातलं, तो होता डोमा. डोमा काठी घेऊन सगळ्या शिवेवरून फिरला आणि मागून साखळी सरपटत आली. ती शीव पूर्ण होती. तिला खोक नव्हती.

मग साखळीवाल्यांपैकी एकाला हगवण लागली. त्यांचा तंबू झऱ्याच्या वरच्या अंगाला होता.

नऊ दिवसांत त्रेसष्ट माणसं गेली. साखळीवाल्यांचा साहेबही गेला, त्याचे कागद कुठे गेले कुणास ठाऊक. डोमा आणि अकरा जण उरले. मेलेल्या प्रत्येकाच्या नावाने एक दगड उभा करायचा असतो, त्याशिवाय तो पूर्वजांत जाऊन बसत नाही, आहे तिथेच राहतो. बारा माणसांनी किती दगड उभे करायचे? ते प्रेतं तशीच टाकून डोंगराच्या या बाजूला पळाले. दगड झाल्याशिवाय भूमयाने तिकडे पाऊल टाकायचं नाही, आणि काठी तर अजिबात न्यायची नाही, अशी डोमाने आण घेतली.

पुढच्या हिवाळ्यात दुसरा साहेब आला. म्हणाला, आधीचे कागद नाहीत, शीव पुन्हा दाखव. डोमाने दाखवली. धारेवरून आला आणि खोऱ्यापाशी वळला. साहेबाने खाली बोट दाखवून दुभाष्याकडून विचारलं, ते कुणाचं आहे? त्या जागेचं नावही घ्यायचं नव्हतं. आपलं म्हटलं असतं तर आत चल म्हणाला असता. डोमा म्हणाला, कोनाचंच नाई.

"कोनाचंच नाई, म्हनजे सरकारचं," आजा म्हणाला. "हे त्याले मांगून समजलं. मुनारे रचल्यावर."

प्रिया कागदांकडे पाहत होती. कुणी खोटं बोललं नव्हतं. साहेबाने मोजणी चोख केली होती. तिचं यंत्रही चार मीटरपर्यंत अचूक होतं. एका भेदरलेल्या माणसाचं वळण तेवढं रेघेत शिरलं होतं आणि दीडशे वर्षं कुणी ते पुसलं नव्हतं. उलट दर वर्षी पायाने गिरवलं होतं.

"तादो, ती हगवण पाण्यातल्या जंतूनं होते. महिना-दोन महिन्यांत जंतू मरते. आता तिथी काई नाई."

"मले माहीत हाये व." तो चिडला. "दवाखान्यातली बाई सांगून गेली. मी का जंतूले भेतो? तिथले मेलेले इचारतीन, कोन गा तू? इतके दिस कुठी होता? मी का सांगू?"

"मग आता दगड उभे करू. सगळं गाव मिळून करू."

"नावं पाह्यजे ना."

नावं डोमाने पाठ ठेवली होती. ती फक्त पुढच्या भूमयाला सांगायची, आणि तीही एकदम नाही. दर वर्षी आंब्याच्या सणाला तीन-चार. एवढा भार एकदम डोक्यावर देऊ नये म्हणून. पोचूच्या बापाने त्याला एक्केचाळीस दिली होती. मग तेंदूच्या हंगामात बापाला अस्वलाने धरलं.

"बावीस राह्यली," आजा म्हणाला. "एकाचा दगड राह्यला त कोनाचाच होत नाई." त्याने दोरी पुन्हा मांडीवर घेतली, पण वळली नाही. "तू तुह्या यंत्रात रेघ सरळ करून टाक. तुले येते ना."

येत होतं. अठरा बिंदू पुसून दोन टोकं जोडायची, अर्ध्या मिनिटाचं काम. प्रिया म्हणाली, "धनराजच्या डायरीत तुझा रस्ता लिहिलेला आहे. आणि नसता लिहिला तरी, मी जिथे गेले नाही तिथला बिंदू मला देता येत नाही."

*

मंगळवारी सकाळी साठाव्या बिंदूपर्यंत काही झालं नाही. पुढे काठी खांद्यावर टाकलेला पोचू, मागे वनहक्क समितीचा अध्यक्ष सुकलू, मग तलाठी नीलिमा, वनरक्षक धनराज, गुणवंतराव, यंत्र धरलेली प्रिया आणि गावातले पंधरा-वीस जण. मोह गळायला लागला होता, त्यामुळे वाटेत सगळ्यांच्या पायांना गोड वास चिकटत होता. धनराजचं तोंड चालूच होतं.

"मॅडम, तुमचं यंत्र झाडावरचे माकडं बी मोजते का?"

"मोजते," प्रिया म्हणाली. "आता एक जास्त दाखवून राह्यलं."

गुणवंतराव खोकला आल्यासारखे हसले. नीलिमाने हसू दाबायला पदराला हात घातला, आणि आपण ड्रेस घातलाय हे तिच्या लक्षात आलं.

मग मुनारा आला. शेवाळलेला, एका बाजूला खचलेला. त्याच्यापुढे जमीन खाली उतरत होती आणि दाट हिरवळीत मधूनमधून लाल कापड दिसत होतं. पोचू थांबला.

"चला ना पोचूभाऊ," धनराज म्हणाला. "इथून डाव्या अंगानं वळाचं हाये. मांगच्या हप्त्यात असेच त गेलो. माह्या डायरीत लिवून हाये."

पोचूने काठी खांद्यावरून काढली आणि मुनाऱ्याला टेकवून उभी केली. घुंगरं एकदा वाजली.

"काठीचा रस्ता तिकडून हाये," तो म्हणाला. "ते इथीच राह्यन. मी सरळ जातो."

सुकलूचा चेहरा उतरला. "पोचूदादा, काठी उचल."

"काठी घेऊन आत जाता येत नाई."

"एकदा खालतं ठेवली का मंग उचलता येत नाई. तुले माहीत हाये ना गा?"

"माहीत हाये."

"मंग पंडुम कोन करन? आंबे कोन काहाडन?"

"आज आंबे नाई काहाडाचे, सुकलू. आज शीव काहाडाची हाये."

मागच्या बायांत कुजबुज झाली आणि विरली. धनराजने डायरी बंद केली. तो वाईट माणूस नव्हता; त्याने नुसता सरळ प्रश्न विचारला, आणि काठी ठेवायचं आज्याने तिला सांगितलं तेव्हापासून, गेले तीन दिवस, तोच प्रश्न प्रियाला छळत होता. "काठी ठेवली, म्हनजे तुमी भूमया नाई. भूमया नाई, त तुमी दाखोलेली शीव मी कोनाची म्हनून लिवू? मांगच्या हप्त्यात भूमयानं दाखोलेली लिवून हाये माह्यापाशी."

पोचू खाली पाहत होता. काठी घेऊन गेला तर आण मोडते, ठेवून गेला तर त्याचा शब्द फुकट. आपला आजा आपल्या डोळ्यांदेखत दोन्हींकडून कोंडला गेलाय, आणि इथे आणला आपणच, असं प्रियाला वाटलं.

गुणवंतरावांनी पिशवीतून नियमांचं पुस्तक काढलं. पानाला आधीच खूण होती. "नीलिमाबाई, माहा चष्मा धुळीनं भरला. वाचा जरा इथून."

नीलिमाने वाचलं. कोणकोणते पुरावे चालतात त्याची यादी होती. जुन्या वस्तीच्या खुणा. विहिरी. दफनाच्या जागा. वडीलधाऱ्या व्यक्तींचे लेखी जबाब.

"भूमया लिवलं हाये का कुठी?"

"नाही."

"वडीलधारी लिवलं हाये. आता पोचूभाऊ वडीलधारे हायेत का नाई, हे धनराजभाऊनं सांगावं."

धनराजने पोचूकडे नखशिखान्त पाहिलं. "तुमच्यापेक्षा त हायेत," तो म्हणाला आणि त्याने डायरी उघडली.

पोचू उतरू लागला. त्याच्या मागे प्रिया गेली. मग गुणवंतराव, नीलिमा, धनराज. गावातलं कुणी उतरलं नाही. सुकलू मुनाऱ्याशी काठीजवळ उभा राहिला, तिला हात न लावता.

खाली आधी चिंचा आल्या. सात प्रचंड चिंचा, एका रांगेत. चिंच जंगलात अशी रांगेने उगवत नाही, प्रियाने नोंद केली. मग गवतात बुडालेले ओटे. दगडाच्या कडा अजून चौकोनी होत्या. एका ओट्याशेजारी दळायचा दगड उताणा पडला होता, मधला खळगा घासून गुळगुळीत झालेला, आणि त्यात साचलेल्या पाण्यात डासांच्या अळ्या वळवळत होत्या. त्याच्यापासून दहा पावलांवर एक झेंडी आणि सिमेंटने बुजवलेलं भोक होतं.

पहिल्या ओट्यासमोर पोचू उभा राहिला. 

"झिंगू," तो म्हणाला. "झिंगूची बायको सोमारी. त्यायचा पोरगा इसरू. एक लेकरू, नाव ठेवलं नव्हतं."

प्रियाने बटण दाबलं. बिंदू एकशे चव्वेचाळीस. नीलिमा पंचनाम्यात लिहू लागली आणि थांबली. "लेकराचं काय लिहू?"

"नाव ठेवलं नव्हतं, असंच लिव. थे बी नावातच येते."

दुसरा ओटा, तिसरा, चौथा. तो नावं हळू, सपाट आवाजात घेत होता, शाळेत हजेरी घ्यावी तशी. मधेच एखाद्या नावापाशी अडे, मागे जाई, पुन्हा सुरुवात करी. ही नावं मोठ्याने पहिल्यांदाच उच्चारली जात होती, आणि तीही चालत्या सरकारी पेनासमोर, एका पोरीसमोर. धनराजने केव्हातरी टोपी काढून काखेत धरली होती.

नवव्या ओट्याशी एक्केचाळीस पुरी झाली. पुढे पाच ओटे होते.

तो दहाव्यासमोर गेला. नीलिमा पेन धरून वाट पाहत होती. "आबाजी, यांची?"

"माह्या बापाले माहीत होती."

तिने लिहिलं, नावे माहीत नाहीत. पोचूने ओट्याच्या कडेवर हात ठेवला. वाकला, आणि एखाद्या झोपलेल्या माणसाच्या कानाशी बोलावं तसं म्हणाला, "मी पोचू. डोमाच्या घरचा." थोडा थांबला. जणू पुढचं काही विचारलं जाईल. मग पुढच्या ओट्याकडे गेला. "मी पोचू. डोमाच्या घरचा." पाचही ठिकाणी तेवढंच. प्रियाने पाचही बिंदू घेतले. शेवटच्या बिंदूला यंत्राने चूक तीन मीटर दाखवली. त्याहून अचूक ते कधीच नव्हतं.

वर येऊन पोचूने पंचनाम्यावर अंगठा दिला. "किती कागद करनार ह्याचे?"

"तीन प्रती," नीलिमा म्हणाली. "एक गावात, एक तहसीलला, एक उपविभागात."

"तीन ठिकानी," तो स्वतःशी म्हणाला. "मंग अस्वलानं धरलं तरी चालते."

परतताना गावातले लोक पुढे चालले आणि पोचू मागे. शिवेवरून येताना तो मागे चालतोय असं प्रियाने कधी पाहिलं नव्हतं. काठी मुनाऱ्यालाच टेकलेली राहिली. तिला उचलणारं कुणी नव्हतं.

*

त्या साली आंबा भरभरून आला.

गावात कुणी पोचूला टाकून बोललं नाही. पाणी भरायला येणाऱ्या बाया त्याच्या आंगणाला वळसा घालून जात, इतकंच. पेरणीचं बी त्याच्या हातचं कुणी मागायला आलं नाही. नवा भूमया ठरवायचा तर आसपासच्या चार गावांना बसावं लागतं, आणि ते सुगीनंतर. तोवर पंडुम नाही. पंडुम नाही, तर आंबा नाही. वैशाखात झाडं वाकली, मग गळायला लागली. झाडांखाली पिवळा सडा पडला, फुटला, आंबला. माशा घोंगावत. रात्रंदिवस गावभर तो वास होता, आणि भात नि मिठावर जेवणारी माणसं त्या वासात जेवत होती. आंब्याला हात कुणी लावला नाही. प्रियानेही नाही. आपण का लावत नाही हे तिने स्वतःला विचारून पाहिलं, आणि नीट उत्तर मिळालं नाही.

जेठ लागता लागता गुणवंतराव आले. तोंड तांबडं, रुमाल तांबडा. मोटरसायकल आंब्याच्या सावलीत लावली आणि पिशवीतून पाकीट काढून हलवत आले.

"पोचूभाऊ! प्रिया! उपविभागीय समितीनं मान्य केलं. कक्ष चारशे सतरा सकट. बिंदू एकशे चव्वेचाळीस ते एकशे सत्तावन, जुन्या वस्तीच्या खुणा, असं लिवून हाये. आता जिल्ह्याले शिफारस गेली. शेवटचा शिक्का बाकी हाये, पन झेंड्यावाल्यायले काम थांबवाचं पत्र गेलं."

सुकलू आला, अजून चार-पाच जण आले. प्रियाने पत्र वाचून दाखवलं. तीन पानं होती. माणसं ऐकत होती आणि मधून मधून पोचूकडे पाहत होती. तो मोहाखाली आपल्या जागी बसला होता. कुणी त्याच्याजवळ गेलं नाही.

वाचून झालं. गुणवंतरावांना वाटलं होतं तसं काहीच झालं नाही. ते इकडेतिकडे पाहत राहिले, मग तहानलेल्या माणसासारखे झाडाकडे वळले. खाली पडलेल्यातला एक चांगला, न फुटलेला आंबा त्यांनी उचलला, सदऱ्याला पुसला आणि अंगठ्याने दाबून मऊ करू लागले.

सगळ्यांच्या माना तिकडे वळल्या. सुकलू एक पाऊल पुढे आला.

"काऊन गा?" गुणवंतराव गोंधळून थांबले. "का झालं?"

"खाऊ द्या त्याले," मोहाखालून पोचू म्हणाला. "थो पावना हाये. त्याले चालते."

गुणवंतरावांनी सगळ्यांकडे एकवार पाहिलं. हातातल्या आंब्याचं काय करावं ते त्यांना कळेना. खाली टाकणंही बरं दिसलं नसतं. शेवटी त्यांनी देठाकडचा चीक काढून तो चोखला. रस हनुवटीवरून, तांबड्या धुळीतून, खाली ओघळला. ते चोखत होते तोवर कुणी हललं नाही.

पोचू त्यांच्या तोंडाकडे बघत होता.

"गोड हाये का?" त्याने विचारलं.